टोपलीतलं कोन

सरकारी कागदात जिला 'वरची कचेरी' म्हणत, ती समुद्राकाठी होती. आणि तिच्या हाताखालचा नाका तिच्यापासून दोन हजार फूट उंच, घाटाच्या माथ्यावर रानात होता. त्यामुळं नाक्यावरचा कागद घाट उतरून 'वर' जाई आणि वरचा हुकूम धापा टाकत डोंगर चढून 'खाली' येई. नाक्याचा कारकून वासुदेव नंदगडकर याला पहिल्या पहिल्यांदा याचं हसू येई. पण हसायलासुद्धा समोर दुसरं माणूस लागतं, हे त्याला दोन-तीन महिन्यांत कळलं. मग त्यानं हसणं सोडून दिलं.

नाका म्हणजे एक कौलारू खोली, पुढं सोपा आणि वाटेवर आडवा टाकलेला बांबू. बांबूच्या पलीकडं घाट उतरला की फिरंग्यांचा मुलूख. अलीकडं सुपे तालुक्याचं रान. आगगाडी झाल्यापासून माल तिकडनं जाई. या वाटेनं दिवसाकाठी चार माणसं येत, त्यातली दोन वाट चुकलेली असत. सोबतीला नागू शिपाई होता. नागू चांगला माणूस. फक्त दिवसातनं चार शब्द बोले, आणि त्यातले दोन म्हशीशी.

वासुदेवाचं वय एकतीस. लग्न जमेपर्यंत नाक्यावर राहावं असा त्याचा बेत होता. पण नाक्यावर आहे म्हणून लग्न जमत नव्हतं. नंदगडहून आईची पत्रं येत, त्यात मुलींच्या बापांची उत्तरं असत. "मुलगा पसंत आहे, हवा पसंत नाही," असं साधारण सगळ्यांचं म्हणणं. हवेत हिवताप होता, हे खरंच होतं. वासुदेव दर आठवड्याला कोयनेल खाई आणि कानात घंटा वाजायला लागली की तेवढीच वस्तीची जाग वाटे.

टपालवाला गुरुवारी येई. त्या साली पौषातल्या एका गुरुवारी त्यानं नवा हुकूम आणला. परमुलखातून झाडं, रोपं, बी, कंद, मुळ्या परवान्यावाचून आणायला बंदी. कारण त्यातनं कीड येते. इथल्या किडीला परवाना लागत नसे. ती पहिल्यापासून राहत होती. वाचायला दुसरं काही नसल्यानं वासुदेवानं हुकूम अकरा वेळा वाचला. अर्जाचे कोरे नमुने सोबत आले होते, ते वहीला टाचले. लेखणीला नवी टोकं बसवली. आणि तो बांबूशी जाऊन उभा राहिला.

परमुलखातनं कुणी काही आणलं नाही. महिना गेला.

माघात, एका मंगळवारी, घाटाच्या वळणावर एक म्हातारी दिसली. डोक्यावर टोपली, टोपलीवर फडकं. काटक बाई होती. गाठीचं लुगडं, गळ्यात काळ्या-तांबड्या मण्यांच्या माळा. रानातल्या कुणब्यांतली, हे लांबूनच कळत होतं. वासुदेवानं टोपी सारखी केली.

"थांबा मावशी. टोपलीत काय आहे?"

"कोन," म्हातारी म्हणाली.

वासुदेवानं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"मी टोपलीचं विचारतोय. टोपलीत काय आहे?"

"कोन हाय."

"कोण आहे काय, मावशी? टोपलीत कोण असेल? काय आहे ते सांगा!"

"आनि मी काय सांगाय लागलेय मग? कोन! एकदा सांगटलं, दोनदा सांगटलं. रायटर, तुमास्नी ऐकाय कमी येतंय काय?"

वासुदेव एक पाऊल मागं सरला. टोपलीत कुणीतरी आहे आणि कोण ते म्हातारीलाही ठाऊक नाही, अशी त्याची समजूत झाली. तान्हं मूल असेल तर हुकुमात त्याबद्दल काही नव्हतं. तेवढ्यात सोप्यावरनं नागू बोलला.

"कंद," तो म्हणाला. मग जरा हात सैल सोडून, "जांभळा."

म्हातारीनं फडकं उचललं. हातभर लांब, केसाळ, मातीनं माखलेला कंद होता. एका टोकाला जरा खरडला होता, तिथनं जांभळा रंग दिसत होता. नंदगडच्या बाजारात वासुदेवानं हा पाहिला होता. पण तिथं त्याला 'कोनफळ' म्हणत. इथं रानात पुढचं फळ गळून पडलं होतं.

"हे नेता येणार नाही," वासुदेव म्हणाला. हे वाक्य तो महिनाभर घोकत होता. "परमुलखातला कंद आहे."

"परमुलूख कसला? माझ्या आईच्या परसातला हाय."

"पण ते परसू फिरंग्यांच्या मुलखात आहे ना, मावशी."

"परसू हाय तितंच हाय. मुलूख मागनं आला."

वासुदेवानं तिला सोप्यावर बसवलं, पाणी दिलं आणि वही काढली. नाव? पारू. आडनाव वेळीप. गाव? बाजारकुणंगच्या पलीकडची वाडी. इथपर्यंत नीट चाललं. पुढचा रकाना कुटुंबाचा होता.

"घरात कोण कोण आहे?"

"कोन न्हाई," पारू म्हणाली. "म्हनून तर आनलं."

वासुदेवाची लेखणी थांबली. त्यानं 'कोणी नाही' असं लिहिलं होतं. मग त्याला वाटलं, ही कंदाबद्दल बोलत असेल. त्यानं ते खोडलं. मग परत वाटलं, माणसांबद्दल असेल.

"मावशी, कोण नाही की कोन नाही?"

पारूनं लोटीतलं पाणी संपवलं आणि सांगितलं. त्यांच्यात मुलगी सासरी निघाली की आई परसातला एक कोन तिच्या ओटीत घालते. दर साली तो काढायचा, खायचा, आणि त्याचं डोकं परत मातीत पुरायचं. म्हणजे पुढच्या साली तोच. पारूच्या ओटीतला तसा बेचाळीस वर्षं चालला होता. गेल्या साली मानमोडीच्या तापाची साथ आली, तिच्यात नवरा गेला, मुलगा गेला, सून गेली. अकरा दिवसांत. पारूही पडली होती, ती उठली. उठून बघते तर परसात डुकरांनी नांगर धरल्यासारखं करून ठेवलेलं. कोनाचा तुकडासुद्धा ठेवला नव्हता. आता खाली आईच्या घरात भाऊ लखू राहत होता. त्याच्याकडनं तिनं हा आणला होता.

"मग काय लिहू?" वासुदेवानं विचारलं.

"कायबी लिवा. दोनी खरंच हाय."

वासुदेवाला त्या वेळी तिला सोडता आलं असतं. हे त्याला पुढं पुष्कळदा आठवलं. पण नमुन्याचा अर्धा कागद भरून झाला होता. तीन वर्षांत नाक्यावर भरलेला तो पहिला कागद. तो फाडला तर का फाडला याचा दुसरा कागद लिहावा लागला असता. शिवाय ती सोप्यावर बसली होती. कंद सोडला तर तीही उठली असती. त्यानं हुकूम वाचून दाखवला: परवाना आधी, माल मागून. आणि आलेला माल जप्त करून दोघांसमक्ष नष्ट करावा.

"नष्ट म्हंजे?"

"नाहीसा करायचा."

पारूनं कंदाकडं पाहिलं, मग नागूकडं, मग चुलीकडं.

"नाहीसाच करायचा तर मीठ हाय काय?" ती म्हणाली.

नागूनं निखाऱ्यात कोन भाजला. तिघांनी सोप्यावर बसून तो नष्ट केला. पारूनं कंबरेच्या चंचीतनं तांबड्या मुंग्यांची चटणी काढली. वासुदेवाच्या डोळ्यांतनं पाणी आलं. चटणीनं, असं तो म्हणाला. पारू म्हणाली, "पयल्यांदा सगळ्यांचं तसंच व्हतं." नाक्यावर आल्यापासून इतकं चांगलं जेवण त्याला मिळालं नव्हतं. पंचनाम्यात त्यानं लिहिलं, 'माल अग्नीनं नष्ट केला. शिल्लक नाही.'

ती निघाली तेव्हा त्याला राहवलं नाही. बांबूशी जाऊन तो हळूच म्हणाला, "मावशी, इथनं अर्ध्या कोसावर एक वाट आहे. डुकरवाट म्हणतात. तिकडनं काय काय येतं ते सरकारला ठाऊक नाही."

"नागूच्या घरची समदी तिकडनंच येत्यात," पारू म्हणाली. "ठाव हाय मला. पर म्हायेरचं हाय हे. म्हायेरचं राजरोस यावं, दिवसाउजेडी, चार मानसांच्या म्होरनं. चोरून आनलेलं म्हायेर रुजत न्हाई. कागुद येऊ दे तुमचा. मी मंगळवारी येते विचारायला."

पुढच्या मंगळवारी ती खरंच आली.

अर्ज वर गेला, म्हणजे समुद्राकडं उतरला. वरच्या साहेबाला मराठी येत नव्हती, म्हणून अर्जाचा इंग्रजी तर्जुमा होई. तर्जुमा करणारे गृहस्थ विद्वान होते. वनस्पतीच्या नावाच्या रकान्यात 'कोन' हा शब्द त्यांनी पाहिला आणि रानातल्या कारकुनाला 'ण' येत नाही हे ओळखलं. त्यांनी तो शुद्ध केला, आणि मग तर्जुमा केला. फाल्गुनात अर्ज परत आला. वर तांबड्या शाईत शेरा होता: 'अर्जदारानं वनस्पतीच्या नावाच्या रकान्यात प्रश्न विचारला आहे. प्रश्न विचारण्याचा अधिकार या कचेरीचा आहे.'

वासुदेवानं हे पारूला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तीन वर्षांनी नाक्यावर कुणीतरी हसलं होतं. तोही हसला, जमतं का बघत बघत.

दुसऱ्या अर्जात त्यानं 'कोनफळ' लिहिलं. तो चैत्रात परत आला. 'अर्जात वस्तू जमिनीखाली येते असं म्हटलं आहे. फळं झाडावर येतात. कोणतं विधान खरं?' तिसऱ्यात त्यानं दोन पानं भरून सगळं समजावलं. त्यावर उत्तर आलं, की ठीक आहे, पण वस्तू निरोगी असल्याचा तिकडच्या मुलखातल्या अंमलदाराचा दाखला जोडावा.

तोवर मंगळवारांना आकार आला होता. सकाळी वासुदेव सोपा स्वतः झाडी. दाढी करी. पारू दुपारच्या आत येई, टोपली उतरवी आणि विचारी, "आला काय रं कागुद?" 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं. तो म्हणे, "नाही, मावशी." मग ती बसे. कधी मुडल्यांचे उकडलेले कंद आणी, कधी नाचणीची भाकरी. वाडीतली खबर सांगे: सुंदरीची शेळी व्याली, वाघानं अणशीकडं एक रेडा नेला, फॉरेस्टच्या गार्डानं कुमरीच्या शेतीसाठी रान जाळू दिलं नाही. तो तिला आईचं पत्र वाचून दाखवी.

"हवा पसंत न्हाई म्हंजे?" एकदा तिनं विचारलं. "हवेशी लगीन लावत्यात काय तुमच्यात?"

"हिवताप आहे ना इथं."

"बेचाळीस वरसं मी हितं हाय. माझं लगीन झालं, बाळंतपन झालं, समदं झालं. हवेनं कायबी म्हटलं न्हाई." मग जरा थांबून, "मानमोडी तर हितली नव्हतीच. ती आगगाडीनं आली म्हनं. तिला कुनी परवाना इचारला?"

ती गेली की बुधवार लागे. बुधवार फार लांब असे.

दाखल्यासाठी ती घाट उतरून गेली. एक मंगळवार रिकामा गेला. त्या दिवशी वासुदेवानं दाढी केली आणि मग दिवसभर कुणासाठी केली याचा विचार करत बसला. पुढच्या मंगळवारी ती आली ती भाकरीएवढा शिक्का मारलेला कागद घेऊन.

"दिला एकदाचा," ती टेकत म्हणाली. "तितल्या सायबाम्होरं कोन ठेवलं आनि म्हटलं, निरोगी हाय म्हनून लिवून दे. तो इचारतोय, कोण निरोगी? मी म्हटलं, व्हय, कोन. तो म्हनतोय, कोण पण? तितंबी तुझाच भाऊबंद बसलेला. दादा माझ्या बाजूला हुबा. मग त्यानं काय केलं, दादालाच आत घेतलं. जीभ बघटली, पोट दाबलं, दात मोजलं आनि दिला कागुद ठोकून. दादा म्हनतोय, बरं झालं, फुकटात तपासलं."

वासुदेवानं कागद उलटासुलटा पाहिला. फिरंगी भाषा, त्याला एकच शब्द लागला, 'लखू'. आणि 'बासष्ट' हा आकडा. दाखला उघड उघड भावाचा होता. पण शिक्का फार मोठा होता. शेवटी वरच्या कचेरीला तरी फिरंगी कुठं येते, असा विचार करून त्यानं तो जोडून दिला.

आणि तो पावला. वैशाख सरता सरता, एका गुरुवारी, टपालवाल्यानं लांब लखोटा आणला. आत परवाना. खरा, सहीशिक्क्याचा. वासुदेवानं तो सोप्यावर उभ्या उभ्या वाचला. तर्जुमाकारांनी या खेपेला कुठलीही चूक राहू नये म्हणून वस्तूचं नाव अर्जातनं न घेता दाखल्यातनं घेतलं होतं. 'लखू जातीचा कंद. नग एक. वय वर्षं बासष्ट. आणण्यास हरकत नाही.'

वासुदेव खोलीत गेला. खाटेवर बसला. परवान्यात चूक होती, हे तर दिसतच होतं. आता चूक असलेल्या परवान्यावर माल सोडायचा की नाही हे ठरवणारा अंमलदार कोण, तर तो स्वतः. बांबू त्याचा, वही त्याची. त्यानं सोडला असता तर जगात कुणी विचारणार नव्हतं. पारू मंगळवारी आली असती, कागद घेऊन खाली गेली असती, कोन घेऊन वर आली असती. बांबू उचलला गेला असता. आणि मग पुढच्या मंगळवारी तिला इथं यायचं काय कारण होतं?

'दुरुस्तीसाठी ठेवला,' असं त्यानं मनाशी म्हटलं आणि परवाना पत्र्याच्या पेटीत, कोयनेलच्या बाटल्यांखाली ठेवला. दुरुस्तीसाठी वर पाठवला मात्र नाही.

मंगळवारी पारू आली. "आला काय रं?"

"नाही, मावशी."

नागू म्हशीला पाणी दाखवत होता. त्यानं मान वर केली आणि परत खाली घातली.

दुसऱ्या मंगळवारी ती जरा लवकर आली. बसली नाही. "रोहिनी निगाली," म्हणाली. "मिरगाच्या आत मातीत गेलं पायजे. न्हाईतर वरीस गेलं. तू एक चिठ्ठी तरी लिव की त्यांना, म्हातारी थांबलीय म्हनून."

"लिहितो."

"लिवच हां, बाबा." त्या दिवशी तिनं आणलेली भाकरी ती देऊन गेली. वासुदेवानं ती तशीच झाकून ठेवली. संध्याकाळी त्यानं पेटी उघडली, परवाना बाहेर काढला, गुरुवारी वाडीपर्यंत जाऊन द्यावा असं ठरवलं. गुरुवारी त्याला ताप भरला. शुक्रवारी उतरला, पण ताप भरल्याचं कारण तोवर हाताशी आलं होतं, ते त्यानं रविवारपर्यंत पुरवलं. मग म्हटलं, आता मंगळवारी ती येईलच. येईल, तेव्हा देऊ. एवढा एक मंगळवार.

मंगळवारी ती आलीच नाही. त्याच्या आदल्या दिवशी मृग लागला होता.

त्याच्या पुढच्या मंगळवारी ती आली. डोक्यावर टोपलीऐवजी बोचकं होतं, काखेत कोंबडी. तिनं 'आला काय' असं विचारलं नाही. बांबूशी उभी राहिली आणि म्हणाली, "उचल रं, नागू."

"कुठं निघालात, मावशी?" वासुदेव धावत बाहेर आला.

"खाली. दादाकडं."

"किती दिवस?"

"दिस कशाला मोजायचं? घराची कवाडं लावली. शेळी सुंदरीला दिली. म्हटलं, ते वर येत न्हाई तर आपुन खाली जावं. रोज परसात बसून बगीन, मग झालं." मग तिनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. "मानसाला कागुद लागतो काय रं? लागत असंल तर आत्ताच सांग. परत चार महिनं यायला लावू नगंस."

"नाही लागत," वासुदेव म्हणाला. "माणसाचं हुकुमात काही नाही."

"बरं हाय की मग."

तो आत गेला. पेटी उघडताना बाटल्या एकमेकींवर आपटल्या. परवाना घेऊन तो बाहेर आला, आणि तिच्यासमोर धरला. तो काय म्हणणार होता ते त्यानं ठरवलं नव्हतं.

"आला," तो म्हणाला.

पारूनं कागद हातात घेतला. वाचता येत नसूनही तिनं तो नीट, वरपासून खालपर्यंत पाहिला.

"कवा?"

"आज."

"आज मंगळवार," पारू म्हणाली.

टपाल गुरुवारी येतं, हे नाक्यावर तीन वर्षं बसलेल्या माणसाला जितकं ठाऊक होतं तितकंच चार महिने दर मंगळवारी येणाऱ्या बाईलाही होतं. नागू बांबू अर्धा उचलून तसाच उभा राहिला. वासुदेवानं सुरुवात केली, "परवान्यातल्या तपशिलात काही त्रुटी आढळल्यामुळं तो दुरुस्तीसाठी..." आणि त्याला दिसलं की ती ऐकत आहे. अगदी नीट ऐकत आहे. त्याच्या आईची पत्रं ऐकायची तशीच.

"वैशाखातच आला," तो म्हणाला. "मी ठेवला."

"का रं?"

"तुम्ही आला नसता मग."

कोंबडी मान काढून तिघांकडं आळीपाळीनं बघत होती.

"मी तुज्यासाठी येत नव्हते रे, बाबा," पारू शेवटी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळं त्याला खाली बघावं लागलं. "मला ते लावायचं हुतं."

"अजून जमेल. मी आज सोडतो. तुम्ही जाऊन घेऊन या, मी नागूला पाठवतो बरोबर—"

"मिरूग लागून आठ दिस झालं. आता लावलं तर येल येतो. कंद धरत न्हाई." तिनं कागद त्याच्यापुढं केला. "काय लिवलंय त्यात?"

त्यानं वाचून दाखवलं. लखू जातीचा कंद. नग एक. वय वर्षं बासष्ट.

त्याला वाटलं होतं ती हसेल. ती म्हणाली, "दादाला वर आनायचा कागुद हाय व्हय? तो कशाला येईल? त्याला तितं नातवंडं हाईत." आणि कागद तिनं त्याच्या हातात परत दिला.

नागूनं बांबू पुरा उचलला. "जावा, अक्का," तो म्हणाला. वासुदेवानं खाली वाकून बोचकं घेतलं. तिनं घेऊ दिलं. ओझं असं फारसं नव्हतंच. बेचाळीस वर्षांचं घर, मनुष्य एका हातानं उचलू शकत होता. दोघं घाटाच्या तोंडापर्यंत चालत गेली. ती पुढं, तो मागं. वाट चिकचिकीत झाली होती. एकदा ती म्हणाली, "जळवा हाईत, पाय बघून टाक." एवढंच.

पहिल्या उतारावर हद्दीचा दगड होता. एका बाजूला एका राजाचं अक्षर, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचं. त्यापुढं कारकुनानं रजेवाचून जायचं नाही असा नियम होता, आणि रजेचा अर्ज वर जाऊन यायला तीन आठवडे लागत. वासुदेव थांबला. पारूनं बोचकं डोक्यावर घेतलं, चुंबळ नीट केली.

"पुढच्या साली," वासुदेव म्हणाला, "मी आधीपासून अर्ज करतो. पौषातच. सगळं नीट लिहितो. तुम्ही मृगाच्या आधी..."

"पुढच्या साली मी हितं कुटं?" पारू म्हणाली. मग तिला त्याची कीव आली असावी. "तू आईला लिव. म्हनावं, मुलगा हाय तसाच हाय, हवा सुदारली. एक तरी फसंल."

ती उतरायला लागली. काखेतनं कोंबडी मागं बघत होती, पारूनं पाहिलं नाही. पहिल्या वळणाआड ती दिसेनाशी झाली. पण आवाज येत होता. वाटेवर दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा ती कोंबडीशीच बोलत होती. सारखं, एका लयीत, खालच्या घरी कोण कोण आहे, कुणाशी कसं वागायचं, कुठं अंडं घालायचं, असलं काहीतरी. आणि मध्येच आणखी काही, जे नीट कळत नव्हतं.

वासुदेव दगडाला टेकून पुढं वाकला. त्या बोलण्यात आपलं नाव येतं का, नुसतं 'रायटर' एवढं तरी, हे ऐकायला तो बराच वेळ तसाच उभा राहिला. पण दुसऱ्या वळणाखालनं त्याला फक्त कोंबडीचं उत्तर ऐकू आलं.